पाणवठ्यांचा नकाशा काढायला गेले आणि बायकांचा दिवस मोजत बसले

एम.ए.च्या डिसर्टेशनसाठी मी बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या एका गावात गेले होते. फोनमध्ये जीपीएसचं अ‍ॅप, लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, आणि डोक्यात एवढंच की विहिरी, हातपंप, टँकरची जागा टिपायची, घरापासूनचं अंतर काढायचं, झालं काम. आता बरेच ज्युनियर विचारतात की हवामान बदल आणि बायकांचं जगणं यावर मॅपिंग करायचंय, सुरुवात कुठून करू, म्हणून मला जे उशिरा कळलं ते लिहितेय.

पहिल्या दिवशी पारावर बसून रांगोळीनं जमिनीवर गाव काढलं. बायकांना काढायला सांगितलं होतं पण पाच मिनिटांत रांगोळी पुरुषांच्या हातात गेली, आणि ग्रामपंचायत, सोसायटी, देऊळ, शाळा असा झकास नकाशा झाला. खालच्या वस्तीतल्या दलित बायका तिथं आल्याच नव्हत्या, त्या पारावर येऊन बसत नाहीत हे मी आधी कुणाला विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच अंगणात बसलो तर गावच वेगळं निघालं. पारावरच्या नकाशात गावविहीर मधोमध होती, इथं ती पार कोपऱ्यात, आणि मधोमध एका शेतातलं बोअर. का, तर मे महिन्यात हातपंपाला नुसती हवा येते, टँकर विहिरीत रिकामा झाला की आधी वरच्या आळीचे पोहरे पडतात, मग उरतं ते हे बोअर, आणि शेतीची लाइट पाळीनं येते, काही दिवस दिवसा काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत या बायका बारा-एक वाजता घागरी घेऊन निघतात. अंतर अर्धा किलोमीटरसुद्धा नाही, माझ्या मूळ प्लॅनप्रमाणे ही वस्ती 'पाणी जवळ' म्हणून हिरव्या रंगात गेली असती!

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की मीटर नंतर, आधी वेळ विचारा. चोवीस तासांचं गोल घड्याळ काढा, घरातल्या बाईचं वेगळं, पुरुषाचं वेगळं, सुनेचं वेगळं. पाऊसकाळातलं एक आणि उन्हाळ्यातलं एक. दुष्काळ बाईच्या झोपेतून किती तास कापून नेतो ते त्या दोन घड्याळांत दिसतं, पर्जन्यमानाच्या तक्त्यात नाही दिसत.

दुसरं, कधी जाताय ते बघा. या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत सर्व्हे केला तर सगळ्यात जास्त सोसणारी बाईच तुमच्या नकाशात नाही. तिथं नवराबायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीचं एकच एकक, धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात पडते, आणि पाळी आली, अंगावरून जायला लागलं तरी खाडा म्हणजे कामाचा दिवस बुडाला की पैसे कापतात. राहणं कोपीत, ना संडास ना न्हाणीघर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या शस्त्रक्रियेपर्यंतची वाट पाऊस, कर्ज, उचल, खाडा अशी जाते, हे गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा एकट्यानं सांगू शकत नाही, त्याला फडाचा, म्हणजे ऊस तोडतात त्या जागेचा, नकाशा जोडावाच लागतो. मी तो नंतर बायकांच्या आठवणीतून काढून घेतला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री शौचाला बाहेर जायच्या जागा मी उत्साहानं लाल ठिपक्यांनी भरल्या होत्या, कुठं अंधार आहे, कुठं पोरं उभी राहतात, सगळं. प्रिंट दाखवली तर एक मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, हे पुस. आमी कुठं जातो ते गावाला कशाला दावती?" मला अक्षरशः घाम फुटला. विश्वासानं सांगितलेलं मी कागदावर उघडं पाडलं होतं. तेव्हापासून मी दोन नकाशे ठेवते, एक बायकांपुरता आणि एक बाहेर दाखवायचा, आणि कुठल्या नकाशात काय जाणार हे त्या ठरवतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरायच्या ऑनलाइन नकाशावर काही टाकणार असाल तर लक्षात ठेवा, ते जगात कुणालाही दिसतं, तिथं फक्त हातपंप-रस्ते टाका.

क्यूजीआयएस फुकट आहे, महिन्याभरात हात बसतो, त्याचं टेन्शन घेऊ नका. वाचायचं तर स्त्रीवादी विचारवंत डोना हॅरावे यांची १९८८ ची मांडणी वाचा, की वरून सगळं बघणारी नजर असं काही नसतं, प्रत्येक ज्ञान कुठून तरी बघितलेलं असतं, आणि तिच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांचं दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीवरचं, म्हणजे दलित बाईच्या जागेवरून जग बघण्यावरचं, लेखन वाचाच, नाहीतर 'गावातल्या बायका' असा एकच ठिपका काढून मोकळे व्हाल. आणखी एक, सातबारा कुणाच्या नावावर आहे याचा नकाशात वेगळा लेयर म्हणजे थर करा. पीक गेल्यावर नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावानं येते, राबणाऱ्या बाईचं नाव तिथं बहुतेक वेळा नसतंच.

शेवटी नकाशा मोठ्या फ्लेक्सवर छापून गावात ठेवून या, पीडीएफ पाठवून भागत नाही. आमचा फ्लेक्स वस्तीतल्या बायका ग्रामसभेत घेऊन गेल्या आणि त्यावर बोअरपाशी त्यांनी आधीच मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'रात्री १ वाजता'.