डेंगळ्याचं बी घरात ठेवू नका

उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याची लागवड सध्या जोरात आहे. मजूर मिळेनात म्हणून ज्यांचं रोप वाफ्यातच जरठ व्हायला लागलंय, त्यांनी हे आधी वाचावं. अशा रोपाला कांदा पोसण्याआधीच फुलाचा दांडा निघतो, त्यालाच डेंगळा म्हणतात.

कांदा मुळात दोन हंगामांचा गडी. पहिल्या हंगामात पोसायचं, थंडी काढायची, मग त्याच साठ्यावर फुलांचे गोंडे काढून बी सोडायचं. आपण त्याला मधेच उपटून चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो. कोवळं रोप थंडीला दाद देत नाही. पण बुंधा पेन्सिलीएवढा झाला आणि काही आठवडे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरत राहिला, की त्याला वाटतं आपलं पहिलं वर्ष सरलं. मग कांदा पोसायचा सोडून ते फुलायला निघतं.

तेव्हा रोप ५० ते ५५ दिवसांचंच लावा. फार जाड रोपं बाजूला काढा. जीव तुटतो, पण काढा. खरिपाचं उरलेलं बी रब्बीत टाकू नका. नत्र खताचा हप्ता लांबवू नका, उपाशी पीक लवकर फुलतं.

डेंगळा हाताला लगेच कळतो. पात आतल्या बाजूने चपटी असते, दांडा गोल, पोकळ आणि खालच्या अर्ध्यात फुगलेला. तो मोडला तरी कांद्यात कडक नळी राहतेच. असा माल चाळीत सडतो, आधी विकून टाका.

आता खरी गोष्ट. 'आयतं बी मिळालं' म्हणून या डेंगळ्यांचं बी धरणारे प्रत्येक गावात आहेत. पहिल्याच वर्षी फुलण्याची घाई बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. पिढ्यानपिढ्या असं बी धरलंत, तर दोन हंगामांच्या कांद्याचं एका हंगामाचं झाड तुम्हीच घडवाल. शिवाय कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो, स्त्रीकेसर मागून तयार होतो, त्यामुळे मधमाशी शेजारच्या डेंगळ्याचा पराग तुमच्या बीजप्लॉटात आणते. म्हणून गोंडा उमलायच्या आत बांधापर्यंतचे सगळे डेंगळे मोडा. शेजाऱ्यालाही सांगा.

बियाण्यासाठी एप्रिल-मेमध्ये निघालेला, बारीक मानेचा, चाळीत कोंब न फुटलेला कांदाच ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा. लावताना वरचा तिसरा हिस्सा कापा. आत एकच डोळा दिसला तर ठेवा, दोन दिसले तर जोडकांद्याची जात, बाद. कापलेला तुकडा भाजीला चालतो.