फेसबुकवरचं लिखाण स्वतःच्या वेबसाइटवर कसं न्यावं

गेली पंधरा वर्षं मी लोकांच्या वेबसाइट बनवते. पहिल्या भेटीत बहुतेकजण रंग आणि लोगोबद्दल बोलतात. मी विचारते, "लिहिलेलं कुठंय?" मग फोन बाहेर निघतो आणि अंगठा सरकत राहतो. दहा वर्षांचं लिखाण फेसबुकवर, थोडं इन्स्टाग्रामच्या फोटोंखाली, उरलेलं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांत. २०१६ची एखादी पोस्ट शोधायची म्हटली तर समोरचा चहा निवतो, पोस्ट काही सापडत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी जुनं लिखाण घरी आणायचं, सजावट मागाहून. 'लवकरच येत आहे' अशी पाटी लावून चार-चार वर्षं ओस पडलेल्या वेबसाइट मी कितीतरी पाहिल्या आहेत. सगळ्यांची थीम, म्हणजे तयार सजावट, झकास होती. आणि 'फेसबुक कुठे पळून जातंय' असं म्हणणाऱ्यांना मी यादी ऐकवते: जिओसिटीज २००९मध्ये बंद, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला, गूगल प्लस एप्रिल २०१९मध्ये, आणि जून २०२०मध्ये टिकटॉकवर आपल्याकडे बंदी आली. माझी कॉलेजातली स्क्रॅपं, म्हणजे मित्रमंडळींचे तिथले निरोप, ऑर्कुटबरोबर गेली. दोष माझाच, बंद होणार हे आधी जाहीर झालं होतं, मीच आज-उद्या करत राहिले.

डोमेन

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्याच कार्डावरून घ्या. 'तुम्ही काळजी करू नका, आम्ही बघून घेतो' असं कोणी म्हणालं तर तिथेच काळजी करा. ओळखीच्या एका फोटोग्राफरचं डोमेन असंच एका एजन्सीच्या नावावर होतं. एजन्सीनं गाशा गुंडाळला, फोन लागेना, आणि शेवटी त्याला नवं नाव घेऊन छापलेली सगळी कार्डं रद्दीत द्यावी लागली. पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, दुसऱ्या वर्षी किती पडणार ते बघा. देवनागरीत डॉट भारत २०१४पासून मिळतं, हौस असेल तर तेही घ्या; पण त्यावरचा ईमेल अनेक ठिकाणचे फॉर्म अजून स्वीकारत नाहीत, तेव्हा मुख्य पत्ता डॉट इन किंवा डॉट कॉम असू द्या.

होस्टिंग

होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा. स्वतः थोडं कोड करता येत असेल तर गिटहब पेजेसवर फुकटात भागतं, नसेल तर कोडशिवाय वेबसाइट चालवता येणारं वर्डप्रेस घ्या आणि पुढे चला.

जुन्या पोस्टी उतरवणं

खरी मेख इथे आहे. इंटरनेटवरच्या मार्गदर्शकांत याला एक ओळ मिळते: 'डेटा डाउनलोड करा आणि इंपोर्ट करा.' ती ओळ लिहिणाऱ्यानं मराठीत एकही पोस्ट लिहिलेली नसते.

फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये तुमची माहिती उतरवून घ्यायचा पर्याय असतो. त्याची जागा आणि नाव अधूनमधून बदलतं, शोधावं लागतं. सगळं मागवू नका, फक्त पोस्ट निवडा. मग तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. कालावधी: पहिल्या दिवसापासूनचा. फोटोंचा दर्जा: सर्वात वरचा. आणि फॉरमॅट: दोन मिळतात, ब्राउझरमध्ये पानासारखं उघडणारं एचटीएमएल आणि प्रोग्रॅमना वाचायला केलेलं जेसन. एचटीएमएल घ्या. जेसन नाही. कुणी कितीही शहाणपणानं सांगितलं तरी जेसन नाही.

हे मी दादरच्या एका बाईंकडे शिकले. निवृत्त शिक्षिका, लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलेलं, आणि फेसबुकवर त्या चाळीबद्दलच्या ११४० पोस्टी. मी जेसन मागवलं, कारण व्यावसायिक माणसं जेसन मागवतात असा माझा समज होता. फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर दिसेना. ओळीमागून ओळ तीच चिन्हं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार मिशा फुटलेलं एक गोल, मध्येच जपानी येनची खूण.

"येन कशाला आलाय माझ्या लिखाणात?" बाईंनी चष्मा वर करत विचारलं.

येन का येतो ते सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटचं, म्हणजे तीन तुकड्यांचं असतं. त्या जेसन फाइलमध्ये हे तीन बाइट तीन वेगळी पाश्चात्त्य चिन्हं समजून लिहिलेले असतात. पहिला बाइट कायम तोच, म्हणून प्रत्येक वेळी तो रेघवाला ए. दुसरा बाइट दोनच प्रकारचा: बहुतेक अक्षरं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांना मिशांचं गोल, दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांना येन. लिखाण शाबूत असतं, फक्त त्याचे तुकडे चुकीच्या खणात पडलेले असतात.

मी काय केलं? तो सगळा कचरा पडद्यावरून कॉपी केला आणि ऑनलाइन मिळणाऱ्या एका कन्व्हर्टरमध्ये पेस्ट केला. मराठी उमटलं. मी खूश. दोन दिवसांत तीनशे पोस्टी वेबसाइटवर चढवल्या आणि बाईंना लिंक पाठवली. पंधरा मिनिटांत फोन आला.

"अगं, दादर आहे, परळ आहे, पण मुंबई कुठे गेली?"

"म्हणजे?"

"मुंबईच्या जागी 'मब' लिहिलंयस. आणि गिरगावातले दोन्ही ग गेलेत."

झालं असं होतं की काही अक्षरांचं तिसरं चिन्ह पडद्यावर दिसतच नाही. फाइलमध्ये असतं, पण कॉपी-पेस्ट करताना गळून जातं. क, ख, ग, च, ज ही त्यातली. सगळे स्वर, उकार, अनुस्वार आणि हलन्तही त्यातलेच. द, र, प, ळ आणि काना मात्र वाचतात. म्हणून दादर आणि परळ धडधाकट, मुंबईचा उकार, अनुस्वार आणि ई गायब. तीनशे पोस्टी मी काढून टाकल्या. बाईंनी वाचलं नसतं तर त्या आजही तशाच असत्या, कारण मी फक्त पहिला शब्द बघत होते, आणि पहिल्याच पोस्टीचा पहिला शब्द होता 'दादर'.

तेव्हा एचटीएमएल मागवा. ते ब्राउझरमध्ये उघडतं, मराठी नीट दिसतं, तिथून कॉपी केलेलंही नीट येतं. पोस्टी हजारोंनी असतील आणि कोड लिहिणारं कुणी घरात असेल तरच जेसनच्या वाटेला जा. त्या व्यक्तीला इतकंच सांगा: मजकूर थेट फाइलमधून उचल, लॅटिन-१ धरून त्याचे बाइट कर, ते यूटीएफ-८ म्हणून वाच, मध्ये कुठेही कॉपी-पेस्ट नको. आणि तारखांना साडेपाच तास मिळव. जेसनमधली वेळ ग्रिनिचची असते. आपण रात्री एक वाजता लिहिलेली पोस्ट तिथे आदल्या दिवसाची होते. बाईंची १५ ऑगस्टची पोस्ट माझ्याकडे १४ तारखेला पडली होती.

आलेल्या झिपमध्ये तुमच्या पोस्टींवरच्या इतरांच्या कमेंटी नसतात. हे कुणी आधी सांगत नाही. बाईंच्या चाळीच्या पोस्टींखाली जुन्या शेजाऱ्यांनी जे लिहिलं होतं ते काही वेळा पोस्टीहून सरस होतं. ते हातानं टिपून घ्यावं लागलं, आणि ज्यांचं होतं त्यांना विचारूनच छापलं. एकानं नको म्हटलं, वगळलं.

मग निवड. इथे मन घट्ट करा. ११४०मधल्या वेबसाइटवर गेल्या ८४. वाढदिवसाच्या शुभेच्छा, फॉरवर्ड, 'कालच्या पोस्टवर काहींनी आक्षेप घेतला' अशा सुरुवातीची भांडणं, सगळं बाहेर. माझी कसोटी साधी आहे: तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसानं दोन वर्षांनी हे उघडलं तर त्याला कळेल का? लाइक किती पडले ते बघू नका. बाईंच्या सर्वात गाजलेल्या पोस्टीत लोडशेडिंगवरचा एक विनोद होता, तो गेला. चाळीतल्या नळाच्या रांगेवरची नऊ लाइकवाली पोस्ट पहिल्या पानावर बसली.

शीर्षकं द्यावी लागतात, फेसबुकवर ती नसतात. एका दिवसात दहापेक्षा जास्त देऊ नका, अकराव्यापासून सगळी 'आठवणीतला अमुक' अशी व्हायला लागतात. शुद्धलेखन सुधारा, पण २०१३च्या लिखाणाला आजचं वळण देत बसू नका. मूळ तारीख टाका. आणि सगळं उतरवून झालं म्हणून त्याच रात्री फेसबुकचं खातं उडवू नका, सहा महिने थांबा. काहीतरी राहिलेलं असतंच.

देवनागरी नीट दिसण्यासाठी

तयार थीम बहुधा रोमन अक्षरांसाठी केलेल्या असतात. अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.७ पट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांवर आदळत नाहीत. तिरकी अक्षरं नकोतच. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवा. ज्या फॉन्टात सोय असते तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीच्या नाही. फॉन्ट कुठला, असं विचाराल तर मुंबईतल्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा 'मुक्त' घ्या, फुकट आहे. घेण्याआधी त्यात 'दुसऱ्या' लिहून बघा, ऱ्य नीट जुळतो की नाही ते लगेच कळतं.

लेखाचा पत्ता मात्र रोमनमध्ये ठेवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हं होतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो पाहणाऱ्याला वाटतं व्हायरस आला.

फेसबुक-इन्स्टाग्रामकडे नेणारी चिन्हं पानाच्या अगदी वर लावायची पद्धत पडली आहे. पाहुणा उंबऱ्यात आला नाही तोच त्याला परत चपला घालायला सांगण्यासारखं आहे ते. तळाला लावा, लहान. किती लोक येऊन गेले हे दाखवणारा काउंटर लावूच नका.

पुढची सवय

नवं लिहाल ते आधी वेबसाइटवर, मग बाहेर. सकाळी घरी, संध्याकाळी फेसबुकवर. फेसबुकच्या चौकटीत कच्चं लिहू नका; मी ठाण्याच्या स्लो लोकलमध्ये फोनच्या नोट्समध्ये लिहिते, बाई वहीत लिहितात. फेसबुकवर पहिले दोन परिच्छेद आणि खाली लिंक. 'लिंक कमेंटमध्ये टाका, रीच वाढतो' हा सल्ला मलाही महिन्यातून दोनदा मिळतो. माझं मत, वाचणाऱ्याला कमेंटींत शोधायला लावू नका. लाइक कमी पडतील, पहिले दोन महिने हात फोनकडे जाईल. बाईंनी त्यासाठी फोनमधून फेसबुक काढूनच टाकलं, आता ते फक्त मुलाच्या लॅपटॉपवर उघडतात.

शेवटचं काम, रिन्यूअल. ऑटो-रिन्यू चालू करा, पण त्याच्यावर विसंबू नका; कार्डाची मुदत संपते आणि सूचनांचे ईमेल जाहिरातींच्या ढिगात जातात. बाईंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर सिलिंडर लावल्याची तारीख असते, दुधाचे खाडे असतात, आणि नोव्हेंबरच्या पानावर लाल पेनानं गोल करून लिहिलेलं असतं: 'वेबसाइटचे पैसे.'