बाळाला दात येतायत असं वाटतंय? या चुका टाळा

बाळ चार महिन्यांचं झालं, मूठ तोंडात कोंबायला लागलं, लाळेने झबलं ओलं व्हायला लागलं की घरात लगेच निकाल लागतो, दात येतायत! पण लाळ तीन-चार महिन्यांपासून वाढतेच, हात तोंडात घालायचं वयही तेच, आणि दाताचा पत्ता कधीकधी पुढचे दोन-तीन महिने नसतो. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, चौथ्यात आला तरी चालतं आणि वर्षाचं होईपर्यंत नाही आला तरी बहुतेक वेळा काळजीचं काही नसतं. म्हणून नुसत्या लाळेवर जाऊ नका, हिरडी बघा.

हात स्वच्छ धुवा, नख कापलेली करंगळी खालच्या हिरडीवर अगदी मधोमध हलकेच फिरवा कारण पहिले बहुतेक तिथलेच दोन येतात. हिरडी फुगलेली, लालसर असते, दात अगदी जवळ आला असेल तर बोटाला कडक कड लागते आणि उजेडात पांढरी रेघ दिसते. सोबत किरकिर, जे हाताला लागेल ते चावणं, हनुवटीवर लाळेचं पुरळ, रात्री झोपमोड. हे सगळं दात वर येण्याआधीचे तीन-चार दिवस आणि नंतरचे दोन-तीन दिवस, एवढंच. महिनाभर बाळ रडतंय आणि आपण दातांवर ढकलतोय, असं होत असेल तर कारण दुसरं शोधा.

सगळ्यात मोठी चूक मात्र ताप आणि जुलाब दातांच्या नावावर खपवायची. अंग किंचित कोमट लागू शकतं, पण थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आलं तर तो ताप, दातांचा नाही. (तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.) जुलाबांचंही तेच. सहा महिन्यांच्या सुमारास आईकडून मिळालेलं संरक्षण कमी होत जातं, वरचं खाणं सुरू होतं, आणि बाळ फरशीवरचं सगळं तोंडात घालतं, मग जंतू जाणारच ना! दात त्याच सुमाराला येतात म्हणून आळ त्यांच्यावर. शी पातळ होत असेल तर दूध चालू ठेवा, ओआरएस द्या, आणि सहा तास लघवी नाही, टाळू खोल गेल्यासारखी वाटते, बाळ मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. कान ओढणं आणि सोबत ताप असेल तर कान दाखवून घ्या.

आता उपाय. टाकणखार (बोरॅक्स) मधात कालवून हिरडीला चोळायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे, ती कृपा करून बंद करा, टाकणखार बाळाच्या पोटात जाणं विषारी आणि मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम (जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. आजीला वाईट वाटेल, वाटू दे. मेडिकलमधून आणलेलं बधिर करणारं जेलही नको, त्यातल्या बेंझोकेन या औषधामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घटू शकते, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. कच्चं गाजर, खारीक चघळायला देताना तुकडा तुटून घशात अडकू शकतो. दातांसाठी म्हणून गळ्यात मण्यांची माळ तर नकोच.

मग करायचं काय? स्वच्छ सुती फडकं ओलं करून फ्रीजमध्ये गार करा आणि चावायला द्या, टीदर (चावायचं खेळणं) असेल तर तोही फ्रीजमध्येच, फ्रीझरमध्ये नाही कारण दगडासारखा झाला की हिरडीला इजा होते. बोटाने हलकं चोळलं तरी बरं वाटतं. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनावरून सांगितलं तरच, आणि ड्रॉप्स की सिरप ते नीट बघा, आपल्याकडे ड्रॉप्सच्या १ मिलीत सहसा १०० मिग्रॅ असतं आणि साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० च्या आसपास, सिरपच्या चमच्याने ड्रॉप्स दिले तर डोस चौपट!

वरचे दात आधी आले तर मामाला जड वगैरे सोडून द्या, मामा व्यवस्थित राहतो. दात दिसला त्या दिवसापासून मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा.