वर्डप्रेस हाताने अपडेट करायला बसण्याआधी

आधी रविवारची सकाळ मोकळी ठेवा. वर्डप्रेस म्हणजे आपला ब्लॉग चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या फाइली प्रत्यक्ष बदलायला अर्धा तासही लागत नाही. वेळ जातो तो त्याआधीच्या कामात, आणि तो जायलाच हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख लावायचा असेल तर आदल्या रात्री याला हात लावू नका. लॅपटॉप चार्ज करून ठेवा, आणि तुमच्याकडे ठरावीक वाराला वीज जात असेल तर तो वार टाळा.

डॅशबोर्डवरच्या बटणाने अपडेट करायची सोय 2008 सालच्या 2.7 आवृत्तीपासून आहे. ते बटण चालत असेल तर खुशाल वापरा. पण स्वस्तातल्या होस्टिंगवर (साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेवर) ते मध्येच अडकतं, सर्व्हर फाइली लिहू देत नाही, नाहीतर जागा संपलेली असते. अशा वेळी हे काम हाताने करावं लागतं. अडकलेल्या अपडेटमुळे साइटवर देखभालीची सूचना दिसत राहिली, तर मूळ फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘मेन्टेनन्स’ नावाची फाइल शोधा आणि काढून टाका. सूचना जाईल, पण अपडेट अर्धवटच असेल हे विसरू नका.

आपण कुठून कुठे जातोय ते कागदावर लिहा. 6.4 वरून 6.5 ही मोठी उडी, 6.4.2 वरून 6.4.3 ही छोटी दुरुस्ती. 5.9 वरून 6.0 ही उडीसुद्धा 6.4 ते 6.5 एवढीच, तिथे नुसत्या आकड्याला बिचकू नका. बऱ्याच आवृत्त्या मागे असाल तर मधल्या एकदोन आवृत्त्यांवर थांबत जा, जुन्या झिप वर्डप्रेसच्या साइटवर मिळतात. मग होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती बघा. 2024 सालच्या 6.6 ला किमान 7.2.24 लागते. पीएचपी आणि वर्डप्रेस एकाच दिवशी बदलू नका. काही बिघडलं तर दोष कोणाचा हेच कळत नाही.

आता बॅकअप. ब्लॉग दोन ठिकाणी राहतो: लेख डेटाबेसमध्ये, आणि फोटो, थीम (साइटचं रूप), प्लगइन (जादा सोयींची जोडणी) हे फाइलींमध्ये. दोन्ही हवेत. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून (हे डेटाबेस हाताळायचं साधन) डेटाबेस एक्सपोर्ट केला की लोक निर्धास्त होतात. मीही झालो होतो. काही वर्षांपूर्वी होस्टिंग बदलताना तीच फाइल नव्या सर्व्हरवर चढवली, आणि मामांनी सांगितलेल्या, मी टाइप केलेल्या गावाकडच्या सगळ्या आठवणींच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा उभ्या राहिल्या. जुनं खातं अजून बंद झालेलं नव्हतं म्हणून वाचलो. तेव्हापासून बॅकअपची फाइल मी उघडून वाचतो. नोटपॅडमध्ये उघडा, ओळखीच्या लेखातला एखादा शब्द शोधा, आणि ‘ज्ञ’, ‘ऱ्य’, ‘ॲ’ नीट दिसतात का बघा. शिवाय इमोजी असलेली एक नोंद बघा. मायएस्क्यूएल म्हणजे वर्डप्रेसचा डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ‘यूटीएफ8’ या अक्षरं साठवायच्या जुन्या पद्धतीत एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, इमोजीला मात्र चार लागतात. म्हणजे मराठी शाबूत राहून इमोजी तेवढे गेले, असं होऊ शकतं. वर्डप्रेस 2015 सालच्या 4.2 पासून चार बाइटच्या पद्धतीवर आलं.

ब्लॉग फार जुना असेल तर आणखी एक जपायचं. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या फाइलमधली, अक्षरांची पद्धत ठरवणारी ‘डीबी_कॅरसेट’ ही ओळ 2007 सालच्या 2.2 आवृत्तीत आली. तुमच्या फाइलमध्ये ती नसेल तर ‘राहून गेली असेल’ म्हणून घालू नका. त्या काळच्या डेटाबेसवर मराठी मजकूर लॅटिन म्हणजे रोमन अक्षरांच्या पद्धतीच्या नावाखाली साठवलेला असतो, आणि ती ओळ घातली की साइटवर नीट दिसणारा लेख चित्रविचित्र रोमन अक्षरांचा होतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये मजकूर तसा दिसतो आणि साइटवर नीट, असं असेल तर तुमचा डेटाबेस याच जातीचा. तो आधी जाणकाराला दाखवा, अपडेट पुढच्या रविवारी.

बॅकअप परत चढवून बघितल्याशिवाय त्याच्यावर माझा भरवसा नाही. आपल्या कॉम्प्युटरवर एक्झॅम्प (घरच्या घरी साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) टाकून, किंवा होस्टिंगवरच वेगळ्या सबडोमेनवर वेगळा डेटाबेस करून, एकदा चढवा. पीएचपीची अपलोडची मूळ मर्यादा फक्त 2 एमबी असते. फाइल त्यात बसत नसेल तर ते त्या शांत सकाळी कळलेलं बरं.

फाइलींमध्ये ‘डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट’ हे अख्खं फोल्डर, ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ आणि ‘एचटीअ‍ॅक्सेस’ एवढं उतरवून घ्या. शेवटच्या फाइलीचं नाव टिंबाने सुरू होतं, त्यामुळे लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय ती दिसत नाही. बॅकअप सर्व्हरच्या उघड्या फोल्डरमध्ये ठेवू नका. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असतो. थीमच्या फाइलींत तुम्ही काही बदल केले असतील तर तेही टिपून ठेवा.

प्लगइनांची यादी लिहा, नाहीतर स्क्रीनशॉट काढा, आणि सगळी बंद करा. अ‍ॅडमिनचा ईमेल चालू आहे ना तेही बघा. 5.2 पासून एखाद्या प्लगइनने साइट पाडली तर आत शिरायचा दुवा त्याच पत्त्यावर येतो.

नवी झिप सर्व्हरवरच उघडा. एफटीपीने (आपल्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर फाइली पाठवायच्या पद्धतीने) हजारो छोट्या फाइली पाठवताना दोनचार गळतात आणि नंतर दिवसभर शोधत बसावं लागतं. झिप उघडली की सगळं ‘वर्डप्रेस’ नावाच्या फोल्डरमध्ये जातं, तिथून बाहेर काढायचं. जुनी ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ आणि ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ ही दोन फोल्डरं काढा आणि तिथे नवी ठेवा. मूळ फोल्डरमधल्या सुट्या फाइलींवर नव्या टाका. ‘डब्ल्यूपी-कॉन्टेन्ट’ कधीही काढू नका, तुमचे सगळे फोटो तिथे आहेत. झिपमध्ये ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ नसते, फक्त तिचा नमुना असतो, म्हणून चुकून जुनी काढलीत तर नवी मिळणार नाही.

मग अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर जा. डेटाबेस अपडेट करायला विचारेल, हो म्हणा. कॅश (साठवून ठेवलेल्या जुन्या पानांच्या प्रती) रिकामी करा. प्लगइन एकेक करून चालू करा, आणि प्रत्येकानंतर साइट उघडून बघा. अपडेटच्या पानावरून मराठी भाषांतरंही नवी करून घ्या. शेवटी सर्वांत जुना लेख, फोटोंचा एक लेख आणि मराठी पत्त्याचा (दुव्यात मराठी अक्षरं असलेला) एक लेख उघडा. मराठी पत्ता बाविसेक चिन्हांनंतर तुटलेला दिसला तर ते अपडेटमुळे झालेलं नाही. साठवताना प्रत्येक चिन्हाची नऊ होतात आणि त्या रकान्यात 200च मावतात, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून तसाच आहे. बॅकअप मात्र निदान महिनाभर हलवू नका. मागच्या वेळी माझ्याकडे फोटोंच्या प्लगइनचा बिघाड एकोणिसाव्या दिवशी लक्षात आला होता.