ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचा

आमची गाडी २००३ची. जुलैत रंकाळ्यावरून येताना मागच्या गाडीवाल्यानं सांगितलं, ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटरही मिणमिणतोय. बल्ब बदलला, फ्यूज बघितला, फरक नाही. एक दिवा लावल्यावर दुसराही लागत असेल तर आधी अर्थिंग, म्हणजे बल्बमधून बॉडीवाटे बॅटरीकडं परत जाणारी जोडणी, तपासा. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. अशा वेळी मोठा फ्यूज तर मुळीच टाकू नका, वायर जळेल.

डिकीचं अस्तर काढलं. अर्थिंगची काळी वायर बॉडीला बोल्टनं आवळलेली असते, तिथं गंजाची तांबूस खपली धरली होती, नखानं निघेल अशी. बॅटरी पुढं, म्हणून मल्टीमीटरच्या प्रोबला (टोचून मोजायच्या टोकाला) लांब वायर जोडली. ब्रेक दाबून बल्बच्या होल्डरचं अर्थिंग आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत मोजलं तर २.८ व्होल्ट! हे ०.२च्या आत पाहिजे.

बॅटरीची निगेटिव्ह सोडली, पॉलिशपेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, उद्यमनगरातून आणलेला नवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) दाबून बसवला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. पुन्हा मोजलं, ०.०५. पोरगं मागनं ओरडलं, "पप्पा, आता बराबर लागतंय!"