डोळ्यांच्या आजारांवर संशोधन : अग्रक्रम कसे ठरवावेत

पुण्यातील अनेक अभ्यासगट विषय ठरवताना हाताशी असलेल्या यंत्रापासून सुरुवात करतात; ती रुग्णाच्या प्रश्नापासून व्हावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली डोळ्यांच्या १२ रोगगटांचे अग्रक्रम याच रीतीने ठरले. रुग्ण, नातेवाईक आणि नेत्रतज्ज्ञ अशा २,२०० हून अधिक लोकांनी त्यासाठी ४,४०० हून अधिक प्रश्न पाठवले होते.

ससून किंवा महंमदवाडीच्या देसाई नेत्र रुग्णालयासारख्या ठिकाणी परवानगी घेऊन बाह्यरुग्ण विभागात प्रश्न गोळा करावेत. मात्र तेथे भेटणारा माणूस उपचारापर्यंत पोहोचलेला असतो. जो पोहोचत नाही, त्याच्यासाठी भोर, जुन्नर, इंदापूरच्या गावांत आशा सेविकांच्या मदतीने जावे लागेल. "या आजाराविषयी तुम्हाला कशाचे उत्तर हवे आहे?" एवढेच विचारावे आणि उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. "साखर आहे, पण दिसते नीट, मग थेंब घालून दिवसाची मजुरी का बुडवायची?" असे कोणी म्हणाले, तर त्याला अडाणी ठरवू नये. मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होणारा बिघाड सुरुवातीला त्रास देत नाही, त्यामुळे शंका रास्तच आहे. आणि थेंब घालून बाहुली मोठी न करता प्राथमिक आरोग्य केंद्रातच पडद्याचा फोटो काढला तर किती रुग्ण पुढच्या उपचाराला खरोखर जातात, हा अभ्यासाचा विषय त्यातूनच मिळतो.

यानंतर प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आधीच मिळालेले आहे का, हे तपासावे. बुबुळावरील बुरशीच्या जखमेसाठी नाटामायसिन आणि व्होरिकोनाझोल या बुरशीनाशक औषधांची तुलना दक्षिण भारतात झाली असून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नाटामायसिन सरस ठरले. ती पुन्हा करण्यापेक्षा, उसाचे पान लागलेला शेतकरी डॉक्टरांकडे किती दिवसांनी येतो आणि तोवर दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेऊन बुरशी वाढवून ठेवतो का, हे शोधणे आपल्या जिल्ह्याला अधिक उपयोगी आहे.

क्रम लावताना केवळ रुग्णसंख्या पाहू नये. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले, पण त्याची शस्त्रक्रिया चांगली अवगत आहे. तेथे उरलेला प्रश्न लोक ती का लांबवतात आणि नंतर त्यांना कितपत दिसते, हा आहे. याउलट अपुऱ्या दिवसांची बाळे संख्येने थोडी असली, तरी त्यांचा पडदा पहिल्या महिन्यातच तपासावा लागतो आणि ती वेळ चुकली तर दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून हा विषय वर ठेवावा.

निवडलेल्या विषयाला नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी आणि उपचारांची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदवहीत नोंद करावी. संमतिपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवावे. ज्यांची दृष्टी अधू आहे त्यांच्याकडून नुसती सही घेणे म्हणजे संमती नव्हे.