पंक्चर झालं? आधी नट, मग जॅक

गाडीला लेकीसारखं जपणाऱ्या कितीतरी जणी स्टेपनी बदलायची वेळ आली की कुणाची तरी वाट बघत उभ्या राहतात. म्हणे ताकद लागते! खरं तर लागतो लांब दांडा.

छोट्या गाडीचा नट साधारण १०० न्यूटन-मीटरने (हे पिळाच्या जोराचं माप) आवळतात. गाडीसोबत मिळणाऱ्या २५ सेंमीच्या पान्ह्यावर तो सोडवायला ४० किलोचा जोर लागतो, ६० सेंमीच्या दांड्यावर जेमतेम १७ किलोचा. टायरवाल्याने हवेच्या गनने ठोकून बसवले असतील तर आणखी जास्त. म्हणून लांबी वाढवता येणारा पान्हा डिकीत टाकाच. सॉकेट बहुधा १९ किंवा २१ मिमीचा लागतो; दुकानातच आपल्या नटावर चढवून बघा.

गाडी सपाट, कडक जागी घ्या. हॅझर्ड लाइट (चारही इंडिकेटर) चालू, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, आणि पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड. इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागे लांबवर ठेवा. ओढणी, पदर खोचून घ्या.

गाडी उचलण्याआधीच नट ढिले करायचे, कारण चाक हवेत गेलं की नटाबरोबर तेच फिरतं. पान्हा नटाच्या डावीकडे आडवा बसवा आणि टोकावर पायाने हळूहळू भार द्या. उड्या मारू नका, पान्हा निसटला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग टायरवाल्यालाही ते निघत नाहीत. प्रत्येक नट फक्त अर्धा फेरा सोडा.

जॅक लावायची जागा दाराखालच्या पत्र्याच्या कडेला असते, तिथे दोन खाचा दिसतील. भलतीकडे लावलात तर पत्रा आत जातो. पावसाळ्यात रस्त्याकडेची माती भुसभुशीत असते, तेव्हा जॅकखाली फूटभर लांब-रुंद, जाड प्लायचा तुकडा हवाच. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल. स्वतः मात्र खाली हात-पाय घालायचे नाहीत. पंक्चर चाकापेक्षा भरलेलं चाक उंच असतं, तेव्हा टायर जमिनीपासून दोन-तीन इंच वर येऊ द्या.

नट काढूनही चाक हलत नाही? कोकणातल्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा, खाऱ्या हवेने हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, गंजतो. एक-दोन नट थोडे अडकवून ठेवा आणि टायरच्या बाजूला आळीपाळीने डावी-उजवी लाथ घाला. हातोडा नको.

स्टेपनी बसवताना नट हाताने, निमुळती बाजू आत ठेवून फिरवा. गाडी खाली उतरवा, मग समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा. आता दांडा उजवीकडे, आणि पायाने नव्हे, हाताने. आट्यांना तेल लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त ताणले जातात. ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा. स्टेपनी बारीक असेल तर ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका.

आणि महिन्यातून एकदा, चारही टायरमध्ये हवा भरताना, डिकी उघडून पाचव्यातही भरून घ्या.